शिट्टी वाजेपर्यंत

रस्ता, वीज, पाणी आणि भांडण या चार सोयी असल्याशिवाय कुठल्याही वस्तीला गाव म्हणता येत नाही. पैकी पहिल्या तिन्हींसाठी आमच्या पांगारवाडीने वेळोवेळी अर्ज केलेले आहेत. चौथी मात्र आम्ही कोणाची वाट न बघता लोकसहभागातून उभी केली, आणि तिची देखभाल-दुरुस्तीसुद्धा आजतागायत गावच करतं. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वर चढत गेलात की डोंगराच्या धारेवर आमची वाडी लागते. घरं मोजकी, उतार भरपूर. वरच्या घरात फोडणी पडली की खालच्या घरात ठसका लागतो. भांडणाला याहून पोषक हवामान जिल्ह्यात दुसरीकडे नसावं.

मी भागोजी. महाड आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात काढली, म्हणून गावात मला कंट्रोलर म्हणतात. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि गाडी मागे घेताना वाजवतात तसली एक पितळी शिट्टी दिली. (शाल सुनेने घेतली, श्रीफळाची बर्फी झाली, शिट्टी माझ्याकडे राहिली.) सन दोन हजार आठमध्ये तंटामुक्तीची मोहीम आमच्यापर्यंत चढून आली, तेव्हा गावाने मला समितीचा अध्यक्ष केलं. गुणवत्तेवरच केलं. शिट्टी दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

मोहीम थोर होती यात शंका नाही. गावातले तंटे गावातच मिटवायचे, पोलीस नको, कोर्ट नको. मग बाहेरचं पथक येऊन तपासणी करणार आणि गुण देणार. एकच बारीक अडचण होती. गुण मिटलेल्या तंट्यांना होते. जो तंटा झालाच नाही त्याला गुण नव्हते, आणि जो मिटतच नाही त्याला तर नव्हतेच नव्हते. म्हणजे पुढे यायचं तर गावात भांडणं पुष्कळ हवीत, आणि ती सांगितलं की ऐकणारी हवीत.

आम्ही गावातल्या शिल्लक तंट्यांची पाहणी केली. निष्कर्ष काळजी वाटावी असे निघाले. बांधाचा एक दावा रामाच्या आजोबांनी महाडच्या कोर्टात लावला होता. आता तारखेला रामा जातो. तो मिटवायला तयार नव्हता, कारण तारखेच्या निमित्ताने महाडला जाणं होतं, बाजार होतो आणि बायको काही विचारत नाही. दुसऱ्या प्रकरणात दोन घरांचा अबोला होता, पण तो कशावरून हे दोन्ही घरं विसरून गेलेली. काय मिटवायचं तेच ठाऊक नाही म्हटल्यावर समितीचा नाइलाज झाला.

तिसरं प्रकरण बनुबाईचं. बनुबाईचा नवरा वारला, आणि त्या वर्षापासून तिच्या धाकट्या दिराने, महिपतने, आपल्या घरामागच्या परड्यातून जाणारी तिची वाट बंद केली. वाट म्हणजे काही गाडीरस्ता नव्हे. एक गाय आणि डोईवर हंडा घेतलेली एक बाई जाईल एवढी पायवाट. ती खालच्या झऱ्याकडे जाते, आणि झऱ्याशेजारीच बनुबाईचा गोठा. महिपतने वाटेच्या तोंडावर काट्यांची वई घातली, आणि दरवर्षी पावसाळा सरला की नवे काटे तोडून आणून तो ती पुन्हा बळकट करतो. (गावात एवढ्या नियमितपणे दुसरं कुठलंही काम होत नाही.) त्यामुळे बनुबाईला कड्याच्या अंगाने वळसा घालून जावं लागायचं. मागच्या पावसात ती तिथे घसरली. हंडा दरीत गेला, आणि तेव्हापासून तिचा एक गुडघा वाकत नाही. आणखी एक पावसाळा त्या कड्यावरून काढायचा, की गाय विकून मुंबईला लेकीच्या खोलीत जाऊन बसायचं, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. समितीच्या दृष्टीने प्रकरण किरकोळ होतं.

पहिल्याच बैठकीला ती आली. म्हणाली, "कंट्रोलर, माझी वाट तेवढी मोकळी करून दे."

मी तिला नीट समजावलं. तंटा जुना आहे, महिपत हट्टी आहे, तेव्हा तंटा मिटणार नाही, तेव्हा नोंदवला तर गावाचे गुण जातील. जरा गावाच्या हिताकडे बघ.

"गावाच्या हिताला झऱ्यावरनं पाणी आणाय लागत नाय वाटतं?" असं म्हणून ती पाय ओढत निघून गेली. बाई फटकळ आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

अशा बिकट परिस्थितीत गणपतीला माझा पुतण्या सुनील घरी आला. तो घाटकोपरला कुठल्याशा कंपनीत संगणकावर बसतो. त्याने माझी अडचण ऐकली आणि मोदक खाता खाता म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं. आम्ही ऑफिसवाले एक गेम खेळतो. त्यात सगळी भांडणं एका दिवसात क्लिअर."

मग त्याने जे सांगितलं ते मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मुंबईतले चांगले पगारदार लोक, त्यातले काही लग्न झालेले, सुट्टीच्या दिवशी कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर जमतात आणि सोंगं घेतात. कोणी राजा, कोणी वैद्य, कोणी चेटकीण. बघायला प्रेक्षक नाही. भाषणं लिहिलेली नाहीत. दिवसभर ज्याचं सोंग घेतलं त्याच्यासारखं वागायचं, आणि वागता वागता भांडायचं. (आमच्याकडे याला फार्महाऊस लागत नाही.) पण सोंगासोंगांत भांडण झालं तर निकाल कसा लावायचा, याचे त्यांनी नियम केले आहेत. भांडणाबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मला खरंच भरून आलं. ते नियम असे:

एक. खेळ सुरू झाला की आपलं नाव सोडायचं आणि घेतलेलं नाव चालवायचं. भांडतं ते सोंग भांडतं, माणूस नव्हे.

दोन. दोन सोंगांचं जुळेना तर हाणामारी नाही, हिसकाहिसकी नाही. मुठी पुढे करून दगड-कागद-कात्री. दगड कात्री मोडतो, कात्री कागद कापते, कागद दगडाला गुंडाळतो. हरला त्याने मुकाट ऐकायचं. वरचं कोर्ट नाही.

तीन. मध्येच कोणाला खेळाबाहेर यायचं असेल तर त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. तेवढा वेळ तो माणूस तिथे नाहीच असं धरायचं.

चार. पंचाने लांब शिट्टी वाजवली की खेळ खलास. तोवर लागलेले सगळे निकाल पाळायचे; शिट्टी वाजली की ज्याचं त्याचं, होतं तसं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? मिसळ खायची नि घरी जायचं."

आता सरळ विचार करा. खरी माणसं खरे तंटे मिटवत नाहीत. सोंगं मात्र खोटे तंटे तासाभरात मिटवतात. गुण तंटा मिटण्याला आहेत. तो खरा असावा अशी अट निदान मला तरी कुठे आढळली नाही. समितीने ठराव एकमताने मंजूर केला. (एकमत झाल्याची गावातली ही पहिलीच नोंद असल्याने टाळ्या झाल्या.)

देवळाच्या सभामंडपात सराव सुरू झाला. रामा आणि मंजुळा यांना फणसाच्या सावलीचा तंटा दिला: झाड एकाचं, पण दुपारनंतर सावली दुसऱ्याच्या अंगणात पडते, तर सावलीचा मालक कोण? राहीबाईला कोंबड्याचा तंटा मिळाला. तिचा कोंबडा वेळेआधी आरवून शेजारच्या सुनेला उठवतो, सबब नुकसानभरपाई. विनोदने एकाच्या स्वप्नात जाऊन त्याला शिवी दिली, हे प्रकरण तर इतकं रंगलं की ज्याला शिवी दिली तो रडला. आठवडाभरात वाडीतली निम्मी प्रौढ माणसं वादी आणि निम्मी प्रतिवादी झाली. साक्षीदार कापड्यावरून मागवावे लागले.

लोकांना गोडी लागली, हे कबूल केलं पाहिजे. वर्षानुवर्षं मनातल्या मनात ठेवलेलं दुसऱ्याच्या नावाने बोलायची सोय झाली. थोडा गैरवापरही झाला. बायकोने लाकडं फोडायला हाक मारली की नवरे डोक्यावर दोन्ही हात ठेवून ओटीवर बसू लागले, म्हणजे ते तिथे नाहीत. त्यांतल्या एकाच्या बायकोने, रखमाने, नियम नीट वाचून घेतला आणि घरात नसलेल्या माणसाला जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी लाकडं फुटली.

महिपतला सरावाला बसवला तेव्हा एक बाब उघडकीला आली. महिपत फक्त दगड टाकतो. समोर कोणीही असो, तंटा कसलाही असो, त्याची मूठ पुढे येते ती मिटलेलीच. "अरे, कधी कागद टाक, कधी कात्री टाक," असं सुनीलने समजावलं. महिपत हो म्हणाला, मान डोलावली आणि दगड टाकला. त्याच्यासमोर ज्याला जिंकायचं असेल त्याने हात उघडला की झालं, हे पोराटोरांनाही कळून चुकलं.

सगळं यथास्थित चाललं असताना कापड्यावरून बातमी आली की पथकाला भाऊबंदकीचा एखादा तरी तंटा बघायला आवडतो. इथे गाडी अडली. भाऊबंदकीचं खोटं भांडण करायला कोणी धजेना. सुरुवात खोट्याने व्हायची आणि तिसऱ्या वाक्याला जिभेवर खरंच यायचं. शेवटी सुनीलने तोड काढली. भांडण खरंच घ्या, फक्त नावं खोटी द्या. बनुबाईने धोंडूबाई व्हायचं, महिपतने चांगू. चांगू हरेल, चांगू वई काढेल, पथक फोटो काढेल.

महिपतने बारकाईने विचारलं, "वई कोन काढनार?"

"चांगू."

"नि परत कोन लावनार?"

"शिट्टी वाजली की तू."

"मग ठीक हाय. चांगूचं काय, तो हरला तर हरला."

बनुबाई आधी तयारच नव्हती. "खोटं भांडाय मला यायचं नाय," म्हणाली.

"काकी, भांडण खरंच हाय गो. नाव तेवढं खोटं," सुनील म्हणाला.

तिने जरा विचार केला. एकच प्रश्न विचारला: "शिट्टी वाजंपर्यंत वाट मोकळी ऱ्हाते?"

"राहते. नियमच हाय तसा."

"मग घाल मला."

पथक आलं. दोन साहेब आणि एक बाई. चढ चढून त्यांचा श्वास फुलला होता, म्हणून पहिला तंटा त्यांनी डोळे मिटूनच ऐकला. फणसाची सावली ऐकून ते सावरले, कोंबड्याला त्यांनी माना डोलावल्या, आणि स्वप्नातल्या शिवीला तर थोरल्या साहेबांनी "वा!" म्हटलं. मी शिट्टी गळ्यात अडकवून पंचाच्या जागी उभा होतो. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

शेवटी चांगू आणि धोंडूबाई पुढे आले. ठरलेलं असं होतं की धोंडूबाईने वाट मागायची, चांगूने नाही म्हणायचं, आणि लगेच मुठी. मध्ये काही नाही. धोंडूबाईने वाट मागितली. चांगू गप्प उभा राहिला. मी खुणावलं. आणि मग तो ठरलेलं नसलेलंच बोलला.

"माझा भाऊ गेला. त्याच्या तेराव्याला मला दुसऱ्या पंगतीला बसवलं. सख्ख्या भावाला. गावातली माणसं जेवून उठली नि त्यांच्या उष्ट्या जागेवर मी बसलो."

मी शिट्टी तोंडाशी नेली, पण पथकासमोर मध्येच कशी वाजवणार?

धोंडूबाई त्याच्याकडे वळली. आपल्या दिराशी बोलताना कायम अहोजाहो करणारी बाई. पण समोर दीर नव्हता, चांगू होता. ती म्हणाली, "चांगू, त्या दिवशी मी आत पडले होते रे. मला दोघींनी धरून ठेवलेली. कोन कंच्या पंगतीला बसला, मला अजून म्हाईत नाय. तू तेवढ्यासाठी वाट बंद केलीस?"

चांगूने मूठ पुढे केली. दगड. धोंडूबाईचा हात उघडाच होता.

मग सगळे परड्यात गेलो. चांगूने कोयता घेतला आणि वई काढायला लागला. दोन-चार काटे काढायचे आणि फोटो घ्यायचा असं ठरलं होतं. फोटो झाला तरी तो थांबेना. हाताला काटे लागून रक्त आलं तरी त्याने सगळी वई उपसून टाकली. बनुबाईची गाय वाटेवरून झऱ्याकडे गेली. अकरा वर्षं तिथून कुठली गाय गेली नव्हती. शेवटची गेली ती हिची आई.

पथकाचा अहवाल पुढे आला. फणसाच्या सावलीला पैकीच्या पैकी गुण आणि "अनुकरणीय" असा शेरा. कोंबडा उत्तम. स्वप्नातली शिवी उत्तम. भाऊबंदकीच्या तंट्याला मात्र सर्वांत कमी गुण पडले. शेरा असा: "सदर तंटा बनावट असल्याचा संशय येतो. पक्षकारांचे संवाद पाठ केल्यासारखे वाटले. प्रत्यक्ष गावात माणसे असे बोलत नाहीत." पथकाच्या अनुभवाबद्दल आम्हाला आदरच आहे.

पण ते पुढचं. त्या दिवशी पाहुण्यांना निरोपाचे नारळ द्यायला मी शिट्टी गळ्यातून काढून देवळातल्या खुंटीला लावली. पाहुणे उतरून दिसेनासे झाले. महिपत नवे काटे तोडून, भारा बांधून तयार उभा. "कंट्रोलर, वाजव," म्हणाला. मी खुंटीकडे गेलो. खुंटीला शिट्टी नव्हती.

"माझ्या पदराला हाय," बनुबाई म्हणाली. खरोखरच पदराच्या गाठीत होती.

"वहिनी, खेळ संपला," महिपत म्हणाला.

"शिट्टी वाजली?"

"नाय."

"मग वहिनी कोन? मी धोंडूबाई. तू चांगू."

सगळे सुनीलकडे वळले. त्याने नियम मनातल्या मनात तपासले. हिसकाहिसकी करायची नाही. हवी असेल तर दगड-कागद-कात्री. "टेक्निकली काकी बरोबर हाय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने घाटकोपरला निघून गेला. (तज्ज्ञांची ही पद्धतच असते.)

महिपतने तिथल्या तिथे मूठ पुढे केली. दगड. बनुबाईचा कागद. महिपतने काट्यांचा भारा खाली टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या अंगणात गेला. दगड. कागद. तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा मात्र घरी आरशासमोर चांगला सराव करून, कात्री टाकायचीच असं ठरवून गेला, तर नेमका तिनेच दगड टाकला. "तुझं तोंड लग्न झाल्यापासून बघते रे," म्हणाली, "काय टाकनार ते आधी तोंडावर येतं." त्यानंतर त्याने कात्रीचा नाद सोडला आणि पुन्हा दगडावर आला. आता रोज संध्याकाळी जातो, दगड टाकतो, हरतो, आणि हरलेल्या माणसाला तसं पाठवू नये म्हणून ती चहा करते. पहिले काही दिवस तो उभ्याने प्यायचा. हल्ली बसतो. गेल्या पावसात तिची कौलं त्याने शाकारली. मी विचारलं तर म्हणाला, "मी नाय, चांगूनं."

तिच्या घरी तिच्या नवऱ्याचं, म्हणजे महिपतच्या भावाचं, त्या वर्षीचं श्राद्ध झालं. पहिल्या पंगतीला, पहिल्या पानावर चांगू बसला होता. तिने स्वतः वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता, आणि डोळे पुसत होता. मिरची लागली म्हणाला. वरणभातात मिरची नव्हती, याची अध्यक्ष या नात्याने मी खात्री करून घेतली.

तर सांगायचं असं की पांगारवाडीत खेळ अजून चालू आहे. नियमाप्रमाणे चालूच धरावा लागतो. राहीबाईचा कोंबडा शेजारणीच्या सुनेला रोज अंडं देणं लागतो आणि देतोही. फणसाची सावली दुपारनंतर मंजुळाची आहे, रामा तिला विचारून तिच्यात बसतो. बांधाच्या तारखेला तो अजून जातो, पण प्रतिवादीला बरोबर घेऊन जातो. गावात खरं कोण वागतंय आणि सोंग कोण करतंय, हे आता मलाही सांगता येत नाही, आणि मी तर पंच आहे.

आता तुम्ही इथवर वाचत आलात. तुम्ही शहाणे, शिकलेले. एक प्रश्न मघापासून तुमच्या जिभेवर असणार, आणि आम्हाला हसत हसत तुम्ही मनातल्या मनात तो विचारलाही असेल: अहो कंट्रोलर, महाडच्या बाजारात दुसरी शिट्टी मिळत नाही का?

मिळते. खेळण्यांच्या कुठल्याही दुकानात दारालाच माळ टांगलेली असते. वाडीतला प्रत्येक जण बाजाराला जातो. महिपतही जातो, माझ्यादेखत तो त्या माळेपुढे उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, आणि पलीकडच्या दुकानातून गाईला दावं घेऊन आला. त्याच्याकडे स्वतःची गाय नाही. दुसऱ्या शिट्टीचा प्रश्न वाडीतल्या एकाही माणसाने आजवर काढलेला नाही. तो काढणारे पहिले तुम्हीच. समितीने त्याची नोंद घेतली आहे, आणि समितीला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या परड्यातून कोणाची वाट जात होती?